एकाच चॅनेलवर

फ्लॅश उडाला नाही, आणि धाकटीने बटणावरचं बोट उचलायच्या आत केबिनमधून ताईचा आवाज आला.

"काळा आलाय गं!"

कॅमेऱ्यातला प्रत्येक फोटो तारेवाटे थेट ताईच्या टेबलावरच्या पडद्यावर जाऊन पडायचा. ही सोय ताईनेच करून घेतली होती. त्यामुळे फोटो कसा आला हे धाकटीच्या आधी ताईला कळायचं.

"दिसलं मला."

"मग परत घे की. माझ्याकडे काय बघतेस?"

"मी भिंतीकडे बघतेय, ताई. तू मला दिसतही नाहीस."

तिने परत घेतला. उडाला. पुढचा उडाला. त्याच्या पुढचा पुन्हा काळा. मग टेबलावरचा बूट सरळ करायला ती वाकली, आणि कोणी काही न दाबता फ्लॅश भप्पकन पेटला. तिच्या डोळ्यांपुढे हिरवे-जांभळे ठिपके नाचू लागले.

"अंगात आलंय याच्या," ती पुटपुटली आणि स्टुलावर बसून डोळे चोळत राहिली.

स्टुडिओ म्हणजे एका जुन्या, अनेक मजली इमारतीतल्या दोन खोल्या. इमारतीत सगळी कामाची माणसं: तळाशी बिजागऱ्यांचा कारखाना, मध्ये शिंप्यांची रांग, एक पुस्तकबांधणीवाला, आणि बरेचसे कुलूप घातलेले गाळे. स्टुडिओच्या आतल्या खोलीला एक खिडकी होती, पण तिला काळा रंग फासून वर जाड कापड ठोकलं होतं. बाहेरचा उजेड नको, धूळ नको. आतून बाहेर पडायचं तर ताईच्या केबिनमधूनच जावं लागे, आणि केबिनमधून जाताना कितीही पाय न वाजवता गेलं तरी "कुठे?" हा प्रश्न यायचाच. धाकटी कधी कधी म्हणायची, "हात धुवायला. चालेल ना?" ताई म्हणायची, "धू, धू. पण लवकर धू."

तिथे दुकानदारांच्या मालाचे फोटो काढले जायचे. बूट, चष्मे, बाटल्या, पिशव्या. गिऱ्हाईक वस्तू हातात न घेता फोटोवरून विकत घेणार, म्हणून फोटो स्वच्छ हवा आणि आजच्या आज हवा.

हा धंदा ताईने उभा केला होता, तोही स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्यातून, पांढरी चादर भिंतीला टाचून. तेव्हा फोटो भाऊजी काढायचे. कॅमेराही त्यांचाच. पण भाऊजी एका किटलीपाशी अख्खी सकाळ घालवत. तिच्या तोटीवर उजेड कसा पडतो ते बघत बसत. शेवटी ताईने त्यांच्या हातातला कॅमेरा काढून बहिणीच्या हातात दिला आणि त्यांच्या हातात गाडीची किल्ली ठेवली. "तुमच्या फोटोत जीव असतो हो," ती म्हणाली होती, "पण गिऱ्हाईकाला बूट हवाय, बुटाचा जीव नकोय." भाऊजी हसले होते. तेव्हापासून ते माल आणायचे आणि पोचवायचे.

आई-वडील गेले तेव्हा धाकटी शाळेत होती. ताईने तिला वाढवलं, शिकवलं, आजारपणात उशाशी बसली. हे कोणी विसरू देत नसे. मावशी, काकू, शेजारीण, जी भेटेल ती म्हणायची, "ताई आहे म्हणून तू आहेस हो." आणि ते खरंच होतं, म्हणून त्यावर काही बोलताही येत नसे. सकाळी तिघं एकाच गाडीतून निघायची, दुपारी एकाच डब्यातलं खायची, संध्याकाळी त्याच गाडीतून त्याच घरी परतायची. धाकटीची खोली ताईच्या खोलीला लागून होती, आणि तिला ठसका लागला तरी भिंतीपलीकडून "पाणी पी" असं ऐकू यायचं.

अलीकडे धाकटीच्या मनात एक वाक्य अडकलं होतं. तिच्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण दूरच्या एका गावी नोकरीला होती. तिथे रानातल्या झाडांची बियाणं जमवून जपून ठेवत आणि प्रत्येक बीचा फोटो काढत. एक जागा रिकामी झाली होती. "महिनाअखेरपर्यंत सांग," मैत्रीण म्हणाली होती. "इथे खोलीला खिडकी आहे," असंही हसत म्हणाली होती. धाकटीने ते वाक्य न्हाणीघरात आरशासमोर किती वेळा म्हणून पाहिलं. ताई, मला नोकरी मिळतेय. ताई, मी जाऊ का? ताई, मी जातेय. पण ताईसमोर आलं की जीभ टाळ्याला चिकटायची. त्यातच हा फ्लॅश बिघडला, आणि एका मोठ्या बूटवाल्याचं काम नेमकं त्याच वेळी आलं. धाकटीने स्वतःची समजूत घातली: फ्लॅश नीट झाला की सांगू. अशा अडचणीत कसं सांगायचं?

म्हणून ती फ्लॅशच्या हात धुऊन मागे लागली.

आधी सेल बदलले. नवे कोरे घातले. फरक नाही. कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत, जिथे फ्लॅशला दुरून उडवणारा ट्रिगर बसतो, तिथली धातूची टोकं खोडरबराने घासली. फ्लॅशच्या पायाची टोकं घासली. स्क्रू आवळले. फ्लॅश तापतोय असं ताईचं मत पडलं, म्हणून त्याच्यापुढे पंखा ठेवला, तर वाऱ्याने बुटांच्या लेस उडायला लागल्या. शेवटी भाऊजींबरोबर तो दुरुस्तीवाल्याकडे पाठवला. दुरुस्तीवाल्याने दिवसभर उडवून पाहिला आणि सांगितलं, "काही झालेलं नाही. माझ्याकडे शहाण्यासारखा वागतो. डॉक्टरच्या दारात गेलं की दाढ दुखायची थांबते ना, तसं."

"यंत्राला काही नाही म्हणजे हाताला आहे," ताई म्हणाली. मग बहिणीचा चेहरा पाहून तिला वाईट वाटलं असावं. "ठमे, तसं नाही गं म्हणत मी. झोप होत नाहीये तुझी. लवकर निजत जा."

भाऊजी शेजारी उभे होते. ते रिकामे खोके एकमेकांत बसवत राहिले.

धाकटीने मग एकेक गोष्ट वगळत जायचं ठरवलं. फ्लॅश थेट कॅमेऱ्यावर बसवला. चुकला नाही. पुन्हा स्टँडवर लावून बिनतारी ट्रिगरने उडवला. सकाळी नीट चालला. दुपारी, भाऊजी माल घेऊन निघून गेल्यावर, पुन्हा तेच. म्हणजे खोट फ्लॅशमध्ये नव्हती. ट्रिगर आणि फ्लॅशच्या मधल्या हवेत होती. तिने कॅमेऱ्यावरचा ट्रिगर काढला, त्याच्या पोटातले सेल काढून खिशात टाकले, दिवे मालवले आणि अंधारात स्टुलावर हाताची घडी घालून बसली.

फ्लॅश उडाला.

ती हलली नाही. थोड्या वेळाने पुन्हा उडाला. म्हणजे दुसरं कोणीतरी, जवळच कुठेतरी, अशाच ट्रिगरचं बटण दाबत होतं. त्याने दाबलं की हिचा फ्लॅश उडायचा आणि रिकामा व्हायचा. तो पुन्हा भरायच्या आत हिने दाबलं की काळा फोटो. इतकं साधं होतं. ट्रिगर-फ्लॅशचे असे सेट सगळे कारखान्यातून पहिल्याच चॅनेलवर, म्हणजे एकाच लहरीवर लावलेले येतात. हिने आपला दुसऱ्या चॅनेलवर नेला की काम झालं. एक खटका सरकवायचा.

पण तिने तो सरकवला नाही. इमारतीत दुसरा फोटोवाला कोण, हे तिला माहीत करून घ्यायचं होतं. आणि खरं सांगायचं तर, खोलीबाहेर पडायला एक कारण सापडलं होतं. तिने ट्रिगरमध्ये सेल परत घातले, तो मुठीत धरला आणि केबिनमधून निघाली.

"कुठे?"

"फ्लॅशचं औषध शोधायला."

ताई फोनवर होती. तिने भुवया उंचावल्या आणि हाताने जा म्हटलं.

आपल्या मजल्यावर बटण दाबून काही लकाकलं नाही, म्हणून ती वर गेली. वरच्या मजल्यावरचा बोळ अरुंद आणि अंधारा होता. दोन्ही बाजूंना बंद दारं. धाकटीने मध्यावर उभं राहून ट्रिगरचं बटण दाबलं. टोकाच्या एका दाराखालून पांढरी रेघ लकाकली आणि विझली. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा रेघ. ती दारापाशी गेली आणि तिने टकटक केली.

दार भाऊजींनी उघडलं.

त्यांच्या गळ्यात त्यांचा जुना कॅमेरा होता, खाली नवा आल्यापासून पडून असलेला. मागे सताड उघडी खिडकी होती, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत म्हातारा पुस्तकबांधणीवाला बसला होता, अंगावर खळीचे डाग पडलेला एप्रन, हात गुडघ्यांवर. त्याने दोघांच्या तोंडांकडे पाहिलं आणि उठला. "मी मागाहून येतो," असं म्हणून तो भिंतीच्या कडेकडेने बाहेर पडला.

भिंतीवर फोटो लावले होते. बिजागरीवाला, जिना झाडणारी बाई, शिंपी, खालच्या फाटकावरचा पहारेकरी. इतकी वर्षं त्याच जिन्याने चढउतार करूनही धाकटीने हे चेहरे असे कधी पाहिले नव्हते. जिना झाडणाऱ्या बाईची एक भुवई दुसरीपेक्षा वर होती, जणू आत्ताच कुणाची तरी थाप तिने ओळखलीय. फोटो फार सुंदर होते. याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

"तुम्ही माल पोचवायला गेलात ना?"

"पोचवून येतो आणि मग थोडा वेळ इथे. गाळा त्यांचाच आहे, बांधणीवाल्यांचा." त्यांनी मान खाली घातली. "सेट आपलाच जुना आहे. चॅनेलचा खटका तुटला म्हणून तुम्ही टाकून दिला होता तो."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"तू खाली दाबलंस की माझा इथे उडतो. पहिल्या दिवशी दचकलोच मी. मग लक्षात आलं."

"आणि तुम्ही गप्प बसलात? मी खोडरबराने टोकं घासत बसले होते. तुम्ही फ्लॅश घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेलात, भाऊजी! हातात धरून!"

"गेलो."

"ताई म्हणाली माझ्या हाताला काहीतरी झालंय. तुम्ही तिथेच उभे होतात."

"एक सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं," ते म्हणाले. त्यांनी खिडकी ओढून घेतली, मग पुन्हा उघडली. "सांगणार आहे मी तिला. महिना संपला की. गाडी दुसरा कोणीतरी चालवेल. मी इथे बसणार. लोक येतात आता, ओळखीने ओळखीने."

धाकटी बांधणीवाल्याच्या खुर्चीत बसली. खुर्ची अजून ऊबदार होती.

"मीही," ती म्हणाली.

"तू काय?"

"मीही सांगणार होते. मला बाहेरगावी नोकरी मिळतेय."

खाली रस्त्यावर कोणीतरी टेंपोचं मागचं दार आपटलं. भाऊजींना समजायला वेळ लागला नाही. एक गेला तर ताई आरडाओरडा करेल, रडेल, आणि सावरेल. दोघं गेले तर तिच्याकडे काळं कापड ठोकलेली एक खोली आणि वाजणारा फोन एवढंच उरेल.

"तू थोडं थांबशील का?" त्यांनी विचारलं. "वर्षभर?"

"तुम्ही थांबा."

"माझं वय बघ गं."

"माझंही बघा ना," धाकटी म्हणाली.

तेवढ्यात तिच्या खिशातला फोन वाजला. ताई होती. "सापडलं का औषध? की तू डॉक्टरकडेच राहायला गेलीस?"

खाली येऊन तिने चॅनेल बदललं. संपूर्ण दुपार एकही फोटो काळा आला नाही. ताई केबिनमधून उठून आत आली, बहिणीच्या डोक्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "तू नसतीस तर माझं काय झालं असतं गं ठमे?" धाकटी बुटाची लेस सारखी करत राहिली.

"पण झालं काय होतं?"

"वर कुणाकडे तरी आपल्यासारखाच सेट आहे. त्याने दाबलं की आपला उडायचा."

"वर? वर कोण फोटो काढतंय?"

"माहीत नाही."

भाऊजी नुकतेच रिकामे खोके घेऊन आत आले होते. "अहो, तुम्ही सारखे जिने चढता-उतरता," ताई त्यांना म्हणाली. "कोणी फोटोवाला आलाय का वर?"

"बघतो," भाऊजी म्हणाले.

पण ताई दुसऱ्यावर काम सोपवून स्वस्थ बसणाऱ्यातली नव्हती. तिच्या डोक्यात एकच गोष्ट शिरली: आपल्याच इमारतीत कोणीतरी दुकान थाटलंय आणि आपली गिऱ्हाइकं पळवणार. दुसऱ्या दिवशी दुपारी ती खुर्ची सरकवून उठली. "जरा बघून येते कोण महाभाग आहे तो."

"ताई, थांब, मी जाते—"

"तू फोटो काढ."

जिन्यावर तिच्या चपला वाजू लागल्या. धाकटीने फोन लावला, भाऊजींनी उचलला नाही. फोटो काढताना ते उचलायचे नाहीत, तिलाही ते ठाऊक होतं. मग तिला ट्रिगर आठवला. तिने खटका पुन्हा पहिल्या चॅनेलवर आणला आणि बटण दाबत सुटली. लागोपाठ, दम न घेता. त्यांना कळेल, तिला वाटलं. वेड्यासारखा उडायला लागला की कळेल खाली काहीतरी झालंय, आणि ते दार बंद करून गप्प बसतील.

झालं उलटंच. त्या अंधाऱ्या बोळात ताईला कुठलं दार ठोठावायचं ते मुळीच कळलं नसतं. पण टोकाच्या दाराखालून उजेड पेटत-विझत होता. ती सरळ तिथे गेली. आणि फ्लॅशला काय झालं ते धाकटीला विचारायला खाली यावं म्हणून भाऊजींनी दार उघडलं, तर समोर ताई.

वर काय बोलणं झालं ते धाकटीला कधीच नीट कळलं नाही. ताई खाली आली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. ती केबिनमध्ये बसली आणि तिने बूटवाल्याला फोन लावून हसत हसत सांगितलं की उद्या सगळे फोटो मिळतील. "काळा आलाय," असं ती दुपारभर एकदाही म्हणाली नाही, जरी धाकटीने घाबरून फ्लॅश भरायच्या आतच बटण दाबल्यामुळे दोन-तीन फोटो काळे आले होते.

संध्याकाळी तिघं गाडीत बसली. भाऊजी चालवत होते, ताई शेजारी, धाकटी मागे खोक्यांच्या मध्ये. एका लाल दिव्यापाशी गाडी थांबली. ताई समोर बघत म्हणाली, "कोणी आधी जायचं ते तुम्ही दोघं ठरवा. एकदम जाऊ नका, एवढंच."

"मी कुठे जातेय?" धाकटी म्हणाली.

"तुझ्या मैत्रिणीचा ऑफिसात फोन आला होता. तू हात धुवायला गेली होतीस. मी म्हटलं, निरोप देते." ताईने पदर खांद्यावर सारखा केला. "दिला नाही."

दिवा हिरवा झाला. मागच्या गाडीने भोंगा वाजवला, तेव्हा भाऊजींनी गाडी हलवली. धाकटी आरशात त्यांच्या डोळ्यांकडे पाहत होती. ती वाट पाहत होती की ते म्हणतील, तिला जाऊ दे, माझं काय, मी आहे. ते रस्त्याकडे पाहत होते. एक चौक गेला, दुसरा गेला. घराची गल्ली आली.

"मी थांबते," धाकटी म्हणाली.

भाऊजींचे खांदे खाली आले. अगदी थोडे, पण तिने ते पाहिले, आणि त्या क्षणी तिला त्यांचा जितका तिटकारा आला तितका ताईचा कधी आला नव्हता. गाडी थांबल्यावर ताई आधी उतरली आणि दार उघडायला गेली.

भाऊजी आता वर बसतात. गाडीला एक चालक ठेवलाय. तो गप्पिष्ट आहे आणि सारखा रस्ता चुकतो. मैत्रिणीकडची जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. "पुढे कधी निघाली तर कळवीन," ती म्हणाली, आणि तिचा आवाज जरा दुखावलेला होता. खालचा सेट दुसऱ्या चॅनेलवर आहे. फ्लॅश दाबल्या दाबल्या उडतो, त्यामुळे काम पूर्वीपेक्षा लवकर उरकतं आणि ताई पूर्वीपेक्षा जास्त काम घेते.

एका सकाळी ताई केबिनमधला फोन उचलून बाजूला ठेवून आत आली आणि म्हणाली, "मला शिकव."

"काय?"

"हे. फोटो काढायला."

धाकटीला हसू आलं. ताईने कॅमेरा दोन्ही हातांनी धरला, तापलेल्या तव्यासारखा, अंगापासून लांब. पहिला फोटो काढला, फ्लॅश उडाला, आणि कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या छोट्या पडद्यावर काळोख.

"उडाला की! मग काळा का?"

"पुढचं झाकण काढ, ताई."

ताईने झाकण काढलं. दुसऱ्या फोटोत बुटाची टाच कापली गेली. तिसऱ्यात बूट होता, पण त्याच्यामागे धाकटीचा कोपरही होता. ताई हट्टाने काढत राहिली. कपाळावर घाम आला होता, पण ती कॅमेरा सोडेना.

"ताई," धाकटीने शेवटी विचारलं, "कशाला शिकतेयस?"

ताईचा डोळा कॅमेऱ्याला लागलेला होता. दुसरा तिने घट्ट मिटून घेतला होता, त्यामुळे तिचा चेहरा वेडावाकडा दिसत होता आणि त्यावरून काही ओळखता येत नव्हतं.

"आधी नीट शिकव. मग विचार."

धाकटी तिच्या मागे जाऊन उभी राहिली. तिने ताईचं बोट धरून योग्य जागी ठेवलं. बोट गार पडलं होतं.